जुनं सॉफ्टवेअर मिळून जपायचं ठरवलंय? आधी एवढी तयारी करा

चार-पाच जणांनी आपापल्या कपाटातल्या फ्लॉप्या, सीड्या आणि जुन्या हार्ड डिस्क एकत्र आणल्या की लगेच कॉपी करायला बसावंसं वाटतं. तो मोह आवरा. पहिला दिवस फक्त नोंदींचा. सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्तीचा पूर्ण आकडा, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, संचात किती डिस्क आहेत, कुणाकडून आली, लेबलवर साल छापलंय का, हे सगळं लिहून काढा. साल अंदाजाने लिहिलं असेल तर पुढे ‘अंदाज’ असंही लिहा. डिस्कच्या दोन्ही बाजूंचे आणि खोक्याचे फोटो काढा. मी एकदा घाईत नुसत्या फायली उतरवल्या आणि खोकी टाकून दिली. आज त्या सात फोल्डरांपैकी कोणता कुठल्या आवृत्तीचा, हे सांगता येत नाही, आणि त्याची हळहळ अजून जात नाही.

डिस्क ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही याची सोय करा. साडेतीन इंची फ्लॉपीवरची खिडकी उघडी ठेवायची; सव्वापाच इंचीचं उलटं, तिची खाच अपारदर्शक चिकटपट्टीने झाकायची. ही काळजी अनाठायी नाही. विंडोज ९५ नुसती फ्लॉपी वाचतानाही बूट सेक्टरमधली, म्हणजे डिस्कच्या अगदी पहिल्या भागातली, काही अक्षरं बदलून टाकायची. बुरशी दिसली तर ती डिस्क बाजूला ठेवा, नाहीतर ड्राइव्हचं हेड घाण होऊन पुढच्या चांगल्या डिस्कवर ओरखडे पडतील.

सुट्या फायली नकोत, अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये तिची हुबेहूब प्रत, घ्या. १.४४ एमबीच्या नेहमीच्या फ्लॉपीची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइट्सची असते. कमी भरली तर वाचन अर्धवट राहिलंय. कॉपी-संरक्षण असलेल्या डिस्कला नुसता साधा ड्राइव्ह पुरत नाही, तिथे ड्राइव्हला जोडून डिस्कवरचे मूळ चुंबकीय संकेत टिपणारं ग्रीसवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं साधन लागतं. गाण्यांचे ट्रॅक असलेल्या सीडीची आयएसओ फाइल करू नका, ते ट्रॅक त्यात येत नाहीत; बिन-क्यू जोडी घ्या, म्हणजे .bin मध्ये सगळा मजकूर आणि .cue मध्ये ट्रॅकची यादी.

इमेज झाली की त्याच बैठकीत तिचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, नोंदीत टाका. शा-२५६ (SHA-256) पद्धतीचा वापरा, ६४ अक्षरांचा. जुन्या याद्यांमध्ये एमडी५ (MD5) हा जुना प्रकार असतो, म्हणून जुळवणीपुरता तोही ठेवा. पण दोन वेगळ्या फायलींचा एमडी५ एकच येऊ शकतो हे २००४ पासून माहीत असल्याने त्या एकट्यावर विसंबू नका. मिळून काम करण्याचा खरा फायदा इथे आहे. दोघांनी आपापल्या वेगळ्या डिस्कवरून घेतलेल्या इमेजचे चेकसम जुळले, तर वाचन बरोबर झाल्याची याहून चांगली खात्री मिळत नाही. जुळले नाहीत, तर एखादा सेक्टर खराब असेल, पूर्वीच्या मालकाने डिस्कवर काही लिहिलं असेल, किंवा आवृत्तीचा आकडा न बदलता कंपनीने सुधारलेली प्रत काढली असेल. कारण कळेपर्यंत दोन्हींपैकी काहीही पुसायचं नाही.

हक्कांचा रकाना पहिल्यापासून ठेवा: मुक्त परवाना, शेअरवेअर (आधी वापरून बघा, मग पैसे द्या असं), मालकीचं. कंपनी बंद पडली म्हणून कॉपीराइट संपत नाही. फाइल वाटता येत नसली तरी ती कोणाकडे आहे आणि तिचा चेकसम काय, ही माहिती वाटता येते. फोटोतली अनुक्रमांकाची आणि पूर्वीच्या मालकाच्या नावाची जागा मात्र झाका.

नोंदवही साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर), देवनागरीही नीट राहील अशा यूटीएफ-८ लिपिसंकेतात असू द्या. कुणा एकाच्या खात्यावर अडकलेली नको. इमेजच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. वर्षातून एकदा चेकसम पुन्हा ताडून बघायची तारीख आणि ते करणारा माणूस आत्ताच ठरवा. मुक्त सोर्स कोड असेल तर इन्रिया या फ्रेंच संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहात तो आधीच आहे का, बघा. सोर्स कोड ठेवायची गुगलची सेवा, गुगल कोड, त्याच वर्षी बंद झाली. मोठ्या कंपनीकडे ठेवलंय म्हणजे कायम राहील, असं धरून चालू नका.

शेवटी डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवून पाहा, पण इमेजच्या प्रतीवर. चालू असताना प्रोग्राम डिस्कवर लिहितात. एम्युलेटरची आवृत्ती, सेटिंग आणि तारीख नोंदवा. मग मूळ डिस्कवर नोंदवहीतलाच क्रमांक लावा आणि ती कोरड्या जागी उभी ठेवा.