बॉक्सचा स्क्रू आवळण्याआधी

कापसाचा हंगाम सरला की आमच्या हिंगणघाट भागात जुन्या पिकअप गॅरेजला लागतात. तक्रार बहुधा एकच, स्टेअरिंग बरंच फिरवावं तेव्हा कुठं चाक वळतं. अन् पहिला पाना लागतो स्टेअरिंग बॉक्सच्या (स्टेअरिंगचा फेर चाकांकडं पोचवणारी गिअरची पेटी) स्क्रूला. भाऊ, तो स्क्रू शेवटी! बॉक्स तेलात असतो. पांदणीची धूळ अन् चिखल आधी किंगपिन (पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती) खातात, मग टायरॉडची (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) टोकं. (पुढं पाटे (लीफ स्प्रिंग) अन् अखंड एक्सल असलेल्या गाडीचंच सांगतोय.)

काम पक्क्या जमिनीवर करा. काळ्या मातीत जॅक रुततो. एक्सलखाली घोड्या (जॅक स्टँड) लावल्याशिवाय कोणीही गाडीखाली शिरायचं नाही.

चाक उचला, वरून-खालून धरून हलवा. हललं तर पोट्ट्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले (ढिलेपणा) गेला तर हबची म्हणजे चाकाच्या मध्याची बेअरिंग, राहिला तर किंगपिन. मग चाकं जमिनीवर टेकवून एकानं स्टेअरिंग थोडं डावं-उजवं करावं, दुसऱ्यानं एकेका जोडावर हात ठेवावा. ढिला जोड बोटांना लगेच कळतो.

लॉकपिन (किंगपिनला अडवून धरणारी) काढल्याशिवाय किंगपिनवर घण मारू नका. जाम असेल तर रात्रभर डिझेल मुरू द्या. नवा बुश (पिनेभोवतीची नळी) बसवताना त्याचं भोक ग्रीस निप्पलच्या (ग्रीस भरायची तोटी) भोकासमोरच आलं पाहिजे, म्हणून ठोकण्याआधी खडूनं खूण करा. हे चुकलं तर ग्रीसगन कितीही दाबा, पिन कोरडीच राहते अन् नवा सेट वाया जातो. वरचा-खालचा बुश लेथवाल्याकडून एकाच लांब रीमरनं (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) करून घ्या. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या जोरानं सरकावी, पण डुगडुगू नये. थ्रस्ट बेअरिंग (गाडीचं वजन पेलणारी) एक्सलच्या खाली, बंद बाजू वर. वर उरलेली फट शिमनं (पातळ चकतीनं) भरा. ग्रीस चाक अधांतरी असतानाच भरायचं, तरच ते बेअरिंगपर्यंत पोचतं.

टायरॉडचं टोक (एंड) काढताना किती आटे फिरले ते मोजून ठेवा. हातोडी आट्यांवर नको, एंड ज्या कानात बसतो त्याच्या बाजूवर मारा. नट सुटू न देणारी स्प्लिट पिन नवीच घाला. स्टेअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग मात्र कधीच करू नका. तुटलं तर माणसं जातात.

आता बॉक्स. ड्रॉप आर्म (बॉक्सला खाली जोडलेला दांडा) काढण्याआधी खूण करा. स्टेअरिंगचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा, निम्म्यावर थांबा अन् तिथं स्क्रू अगदी थोडा आवळा. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येत नसेल तर जास्त आवळलाय.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली ठेवणं. एक्सलच्या उंचीवर टायरच्या पुढून अन् मागून माप घ्या. पुढचं माप किंचित कमी हवं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. आधी रिकामी गाडी फिरवून आणा, सगळे नट पुन्हा तपासा, मगच माल भरा.