आपली काय माहिती सरकारकडे गेलीय ते कसं बघायचं

चवथीच्या आधी फोंड्याला बाबांचं इन्कम टॅक्स रिटर्न भरायला बसलो तर एफडीचं व्याज, डिव्हिडंड सगळं स्क्रीनवर आधीच हजर, बाबा म्हणाले हे ह्यांना सांगितलं कोणी? व्याज बँकेनं, डिव्हिडंड कंपनीनं. कायद्यानं त्यांना कळवावंच लागतं. सेव्हिंग खात्यात वर्षभरात 10 लाख किंवा जास्त कॅश भरली, 30 लाख किंवा वरची जागा घेतली-विकली, तेही तुम्हाला न विचारता वर जातं. ते थांबवता येत नाही, पण काय गेलंय ते प्रत्येकानं बघावंच.

इन्कम टॅक्सच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅन घालून लॉगिन करा, मेनूत एआयएस (अ‍ॅन्युअल इन्फर्मेशन स्टेटमेंट, म्हणजे आपल्याबद्दल कळवलेल्या माहितीची वर्षाची यादी) आहे, क्लिक केलं की वेगळी साईट उघडते, तिथे वर्ष नीट निवडा. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन छोट्या अक्षरांत आणि त्याला लागूनच जन्मतारीख, मधे स्पेस नको. मग पासबुक शेजारी घेऊन एकेक ओळ टिक करा. बाबा पेन्सिल घेऊन बसले म्हणून एकाच एफडीचं व्याज दोनदा आलेलं सापडलं, नाहीतर मी तसंच भरलं असतं. त्या ओळीच्या फीडबॅकमध्ये जाऊन माहिती डुप्लिकेट असल्याचं सबमिट केलं आणि पावती सेव्ह केली. पावती ठेवाच.

आणि आपल्या गोंयकारांसाठी महत्त्वाचं, पोर्तुगीज सिव्हिल कोडखाली लग्न असेल तर पगार-पेन्शन ज्याचं त्याचं, पण व्याज, भाडं नवरा-बायकोत निम्मं निम्मं धरतात. एआयएसमध्ये मात्र पूर्ण रक्कम एकाच्याच पॅनवर दिसते. घाबरू नका, रिटर्नमधल्या शेड्यूल 5ए मध्ये जोडीदाराचा पॅन घालून वाटणी दाखवा, त्यासाठी आयटीआर-1 हा साधा फॉर्म चालत नाही.

फोनचं वेगळं. टॅपिंगची ऑर्डर गृहसचिव पातळीवर निघते, एका वेळी 60 दिवस, वाढवून जास्तीत जास्त 180, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला कळवायची तरतूदच नाही, हे मला अजिबात पटत नाही. सुप्रीम कोर्टानं 2017 साली प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरवला तरी हे तसंच आहे. आपण एवढं करू शकतो की व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट बॅकअपमध्ये एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन (म्हणजे बॅकअप आपल्याशिवाय कुणाला वाचता येत नाही) ऑन करायचं, ते आपोआप ऑन नसतं.

शेवटी संचार साथी ह्या सरकारी दूरसंचार खात्याच्या साईटवर नंबर आणि ओटीपी घालून आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. आईच्या नावावर तिसरा नंबर निघाला, तिनं कधी घेतलाच नव्हता, तिथेच ‘नॉट माय नंबर’ टिक करून रिपोर्ट केला.