भंगारात गेलेला किरणोत्सारी स्रोत: या चुका टाळा

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातले कामगार एकामागोमाग आजारी पडले. खापर भंगारवाल्यांवर फुटलं, पण घोळ आधीच झाला होता. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक गॅमा इरॅडिएटर, म्हणजे वस्तूंवर गॅमा किरणांचा मारा करणारं यंत्र, १९८५ पासून पडून होतं. फेब्रुवारीत ते लिलावात निघालं. आत किरणांचा स्रोत म्हणून कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या कांड्या होत्या. किरणं अडवणाऱ्या शिशाच्या लोभाने यंत्र फोडलं गेलं, एकाने तर तुकडा पाकिटात ठेवला. एक कामगार दगावला.

यंत्र डेड स्टॉकमध्ये, म्हणजे बाद मालात, टाकताना आतला स्रोतही 'डेड' झाला असं धरणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांचं. पंचवीस वर्षांनी त्याची जेमतेम ४ टक्के ताकद उरते, आणि तेवढीही जीव घ्यायला पुरली. वेल्डिंग तपासणीच्या कॅमेऱ्यातलं इरिडियम-१९२ दर ७४ दिवसांनी निम्मं होतं. टाकीतली पातळी मोजणाऱ्या लेव्हल गेजमधल्या सीझियम-१३७ ला त्यासाठी ३० वर्षं लागतात. म्हणून यंत्र बाद करण्याच्या (निर्लेखनाच्या) फाइलवर विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याची सही हवीच. स्रोत पुरवठादाराकडे किंवा अधिकृत ठिकाणी परत गेल्याची पोच मिळेपर्यंत नोंद खोडू नका. साहेब निवृत्त झाले, कपाटाची किल्ली हरवली, ही कारणं किरणांना कळत नाहीत.

दुसरी चूक वाहतुकीतली. जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात रिओ टिंटो या कंपनीच्या खाणीतून पर्थला निघालेल्या गेजचा बोल्ट निखळला आणि ८ मिमी लांबीची सीझियमची कुपी रस्त्यात पडली. माल १६ तारखेला पोचला, पण पेटी उघडली २५ ला. मग सुमारे १,४०० किमीचा रस्ता धुंडाळावा लागला. १ फेब्रुवारीला कुपी सापडली, तीही शोधपथकाच्या गाडीवरच्या यंत्रामुळे. माल हातात पडला की त्याच दिवशी किरणं मोजणारं मीटर लावून बघा.

भंगार यार्डात आकाराच्या मानाने फारच जड डबा किंवा पिवळ्या पाटीवर किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह दिसलं, तर गॅसकटर बंद. हात लावू नका, उचलून कोपऱ्यात नेऊ नका, भट्टीत तर नाहीच. वितळलेला स्रोत भट्टीतल्या अख्ख्या धातूत मिसळतो. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला, ते पोलाद भारतातून गेलेलं होतं. माणसं लांब न्या. अंतर दुप्पट केलं की किरणांची मात्रा चौथाईवर येते. जागा अडवा, पोलिसांना कळवा, अणुऊर्जा नियामक मंडळाला फोन करा. डब्याजवळ आलेल्यांची नावं लिहून ठेवा.

स्रोत हाताळला तरी हात लगेच दुखत नाही, त्यामुळे लोक निर्धास्त राहतात. उलट्या काही तासांत सुरू होतात, त्वचा काळवंडायला किंवा फोड यायला दिवस जातात, आणि डॉक्टर साधं भाजलं म्हणून मलम देतात. दवाखान्यात गेल्यावर काय फोडलं, कधी फोडलं आणि ते खिशात ठेवलं होतं का, हे आधी सांगा.