बटाट्याशिवाय पावभाजी: बिघडते कुठे आणि सुधारायची कशी

साखर वाढल्याचा रिपोर्ट हाती आला किंवा वजन उतरवायचं ठरलं, की घरातल्या पदार्थांची छाननी सुरू होते आणि पावभाजीवर पहिली फुली पडते. ती पडायला नको, असं माझं ठाम मत आहे. भाज्या, कांदा-टोमॅटो, लोणी, मसाला, वरून कोथिंबीर-लिंबू यांतलं बहुतेक सगळं कमी कर्बोदकांच्या जेवणात आरामात बसतं. अडचण दोनच गोष्टींची आहे: बटाटा आणि पाव.

तरीही बटाट्याऐवजी फ्लॉवर घालून केलेली पावभाजी बऱ्याच घरांत एकदाच होते. ती पाणचट होते, फ्लॉवरचा उग्र वास येतो, मसाला नुसता झोंबतो आणि घरची मंडळी पुन्हा करू नकोस म्हणतात. यात फ्लॉवरचा दोष नाही. बटाटा त्या भाजीत काय काय कामं करत होता हे न बघता आपण तो काढून टाकतो आणि त्या कामांसाठी दुसरं कोणी नेमत नाही.

पहिली चूक हिशेबात होते

चौघांच्या नेहमीच्या भाजीत अर्धा किलो बटाटा आणि दीडशे ग्रॅम मटार धरू. १०० ग्रॅम बटाट्यात साधारण १७ ग्रॅम कर्बोदकं असतात, मटारात १४, कांद्यात ९, फ्लॉवरमध्ये ५ आणि टोमॅटोत ४. सगळ्याची बेरीज केली तर माणशी ३५ ग्रॅमच्या आसपास येते.

आता पाव घ्या. लादीतला एक पाव साधारण ४० ते ४५ ग्रॅमचा असतो आणि त्यात २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं जातात. तीन पाव खाल्ले की ६०. म्हणजे ताटातली निम्म्याहून जास्त कर्बोदकं भाजीत नसून पावात आहेत. बटाटा पूर्ण काढून पाऊण किलो फ्लॉवर घातला आणि मटार मूठभरावर आणला, तर भाजीचा आकडा माणशी १८ ते २० ग्रॅमपर्यंत उतरतो, आणि त्यातलाही बराच भाग तंतूंचा असतो. भाजीत एवढी मेहनत घेऊन जेवढं वाचलं, त्याहून जास्त एक पाव कमी खाल्ल्याने वाचतं. म्हणून फ्लॉवरची भाजी आणि तीन पाव हा बेत मनाचं समाधान करतो, साखरेचं नाही. पावाचं काय करायचं ते आधी ठरवा आणि मग भाजीकडे वळा.

याच हिशेबातली आणखी एक गल्लत म्हणजे जैन पावभाजीची कृती उचलणं. तिच्यात बटाटा नसतो, पण त्याच्या जागी कच्चं केळं असतं आणि कच्च्या केळ्यात कर्बोदकं बटाट्याहून जास्तच असतात. रताळं आणि सुरण यांचंही तेच. बटाटे आदल्या दिवशी उकडून फ्रिजमध्ये ठेवले की त्यातला थोडा स्टार्च पचायला जड होतो हे खरं आहे. पण तो फरक लहान आहे. त्याने बटाटा कमी कर्बोदकांचा होत नाही.

भाजी मिळून येत नाही, पाणी सोडते

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या असतात, म्हणून इथे जरा थांबू.

उकडलेल्या बटाट्यातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगलेले असतात. मॅशरखाली त्यातले काही फुटतात आणि टोमॅटोचं पाणी, भाज्यांचा रस, लोणी हे सगळं धरून ठेवतात. पावभाजीचा तो दाट, चकाकणारा लगदा स्टार्चमुळेच होतो. फ्लॉवरमध्ये सुमारे ९२ टक्के पाणी असतं आणि स्टार्च जवळपास नसतो. त्यामुळे तो पाणी धरत तर नाहीच, वर स्वतःचं पाणी सोडतो. असा फ्लॉवर कुकरमध्ये पेलाभर पाणी घालून तीन शिट्ट्या केला, तर तो आणखी पाणी पिऊन बसतो. पुढे कितीही आटवा, ताटात वाढल्यावर भाजीच्या कडेने पाण्याची तळी दिसणारच.

उपाय सोपा आहे, फक्त वेळ द्यावा लागतो. फ्लॉवर हळद-मिठाच्या गरम पाण्यात धुतला असेल, तर तुरे कापडावर पसरून पूर्ण कोरडे करा. मग ते बारीक चिरून किंवा किसून रुंद कढईत चमचाभर तेलावर घाला आणि मीठ तेव्हाच टाका. मिठाने पाणी लवकर सुटतं आणि ते आपल्यासमोर आटवता येतं. मीठ शेवटी घातलं तर तेच पाणी ताटात सुटतं. पाच-सहा मिनिटं झाकण ठेवून फ्लॉवर मऊ होऊ द्या, मग झाकण काढून मध्यम ते मोठ्या आचेवर परता. किसाच्या कडा जरा सोनेरी दिसायला लागल्या आणि ढीग चांगलाच खाली बसला, की मॅशर घ्या. मिक्सर नको. मिक्सरमधून काढलेला फ्लॉवर सुपासारखा गुळगुळीत होतो आणि पावभाजीला लागणारा तो थोडा भरड, दाताखाली येणारा पोत जातो.

कांदा-टोमॅटोचा मसालाही वेगळा, तेल सुटेपर्यंत परतलेला हवा. कच्चट टोमॅटोवर फ्लॉवर घातला की दोघांचं पाणी एकत्र होतं आणि मग कोणाचंच आटत नाही. तयार भाजीची परीक्षा अशी करा: उलथन्याने तव्याच्या तळाशी एक रेघ ओढा. रेघेत लगेच पाणी भरलं, तर अजून पाच मिनिटं द्या. रेघ दोन-तीन क्षण कोरडी राहिली, तर भाजी जमली.

एवढं केल्यावरही थोडा बांधणारा पदार्थ लागतोच. माझी पहिली पसंती कुस्करलेल्या पनीरला आहे. चौघांच्या भाजीत ७५ ते १०० ग्रॅम पुरतं. ते मसाल्यात मिसळून दिसेनासं होतं आणि भाजीला अंग येतं. पनीर नको असेल तर दोन चमचे मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) भिजवून, बारीक वाटून घाला. अगदीच पातळ राहिली तर इसबगोल अर्धा छोटा चमचा, तोही भुरभुरून आणि लगेच ढवळत. जास्त पडला तर भाजी बुळबुळीत होते आणि मग तिला वाचवता येत नाही. चमचाभर भाजलेलं बेसन चालतं, पण दोन-तीन चमचे गेले की चव पिठल्याकडे झुकते. कॉर्नफ्लॉवर घालून दाटपणा आणायचा असेल, तर बटाटा काढण्यात अर्थ उरत नाही.

दुधी घालायचा मोह होतो, कारण तो स्वस्त असतो आणि चवीला कुठे आड येत नाही. पण तो फ्लॉवरहूनही पाणीदार आहे. घालायचाच असेल तर किसून, घट्ट पिळून, फ्लॉवरच्या चौथाईहून कमी घाला.

फ्लॉवरचा वास

गंधकाची संयुगं फ्लॉवरमध्ये असतातच. जितका जास्त वेळ तो झाकून शिजवाल, तितका तो वास वाढतो. शिजवायची वेळ कमी आणि परतायची वेळ जास्त ठेवली की हा प्रश्न जवळजवळ मिटतो. पिवळा पडलेला, काळे ठिपके आलेला गड्डा मात्र पावभाजीला घेऊ नका. ढोबळी मिरची लोण्यावर चांगली परतून घातली की तिचा वास वर येतो आणि फ्लॉवर मागे राहतो. ढोबळी मिरचीत कंजुषी करायची नाही, तिच्यात कर्बोदकंही कमीच आहेत.

तोच मसाला, तेच मीठ, आणि चव वेगळी

ही चूक फार कमी जणांच्या लक्षात येते. बटाट्याला स्वतःची चव फारशी नसते, त्यामुळे तो भाजीत मिसळला की मीठ, आंबटपणा आणि तिखट तिन्ही सौम्य होतात.  बटाटा गेला की तेवढाच मसाला उघडा पडतो. त्यात फ्लॉवर आटून जवळजवळ तृतीयांशाने कमी होतो, म्हणजे सुरुवातीला बरोबर वाटलेलं मीठ शेवटी जास्त होतं. वरून बाजारचं लोणी खारट असतं, ते वेगळंच.

म्हणून नेहमीच्या पावभाजी मसाल्याच्या तीन चतुर्थांशापासून सुरुवात करा. टोमॅटो एखादा कमी घ्या. पाणी सोडवण्यापुरतं मीठ आधी आणि उरलेलं लोणी घातल्यावर, चव घेऊन. लिंबू भाजीत पिळू नका, ताटात द्या.

रंगाचंही तसंच. फ्लॉवरमुळे भाजी फिकट पिवळी दिसते आणि डोळ्यांना ती पावभाजी वाटतच नाही. मग लोक तिखट वाढवतात. काश्मिरी किंवा ब्याडगी मिरची भिजवून वाटा आणि ती लोणी-तेलात मंद आचेवर परता. मिरचीचा रंग स्निग्ध पदार्थात विरघळतो, पाण्यात नाही. त्यामुळे भाजीत वरून टाकलेली तिखटाची पूड तेवढा रंग देत नाही आणि झोंबते मात्र जास्त. छोट्या बिटाची एखादी फोड रंगाला चालेल. पूर्ण बीट आणि दोन गाजरं घातली तर भाजी गोडसर होते आणि आकडाही वाढतो.

पावाची जागा कोणी घ्यायची

सगळ्यात आधी काय चालणार नाही ते सांगते. ब्राऊन पाव, मल्टीग्रेन पाव, नाचणीचा पाव यांत तंतू थोडे जास्त असतील, पण कर्बोदकं पांढऱ्या पावाच्या आसपासच असतात. ज्वारी-बाजरीची भाकरी हे उत्तम अन्न आहे आणि मैद्यापेक्षा कधीही बरं. पण ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅममागे ७० ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात, तेव्हा ती कमी कर्बोदकांची नाही. बेसनाचे पाव करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की बेसनाचा आकडा साठीच्या जवळ आहे.

बदामाचं पीठ आणि इसबगोल यांचे पाव खरोखर या हिशेबात बसतात, पण त्यांचे हट्ट वेगळे. आतून चिकट राहतात, त्याचं कारण बहुतेक वेळा कमी भाजणं किंवा गरम असतानाच कापणं असतं. मध्यम आचेच्या ओव्हनमध्ये पाऊण ते एक तास लागतो, आणि नंतर जाळीवर पूर्ण गार होऊ द्यावे लागतात. इसबगोल भुसा घेतला की पूड, यावरही सगळं अवलंबून आहे. पूड चमच्यात जास्त मावते आणि पाणीही जास्त ओढते, म्हणून चमच्याने न मोजता वजनाने घ्या. काही इसबगोलांनी पावाला जांभळट रंग येतो. ते खराब झालेले नसतात, पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा वापरून बघा. असे पाव खाताना पाणी भरपूर प्यायला हवं, नाहीतर पोट जड होतं.

रोजच्या घरात मला याहून सोपा मार्ग आवडतो. पनीरच्या जाड चकत्या तव्यावर लोणी, चिमूटभर पावभाजी मसाला आणि कोथिंबीर टाकून दोन्हीकडून खरपूस करा. पाव भाजताना तव्यावर जो वास सुटतो, तोच इथे मिळतो, आणि पावभाजीची आठवण बरीचशी त्या वासातच असते. अंडं चालत असेल तर पातळ आमलेटची पोळी करून तिच्यात भाजी भरा. आणि पाव सोडवतच नसेल तर एकच घ्या, चांगला कुरकुरीत भाजा, सावकाश खा आणि उरलेली भाजी चमच्याने, भरपूर कच्च्या कांद्याबरोबर संपवा. हा तोडगा मला बदामाच्या फसलेल्या पावापेक्षा कितीतरी बरा वाटतो.

लोण्याबद्दल एक वाक्य सांगायलाच हवं: कर्बोदकं कमी झाली म्हणून लोणी मोकळं सुटत नाही. एका मोठ्या चमच्यात सुमारे १०० कॅलरी असतात. परतायला तेल वापरा आणि लोणी रंग काढायला व शेवटी वरून ठेवा. शेवटी घातलेल्या थोड्या लोण्याचा वास सुरुवातीला जळालेल्या भरपूर लोण्यापेक्षा जास्त येतो.

औषधं चालू असतील तर

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवणातली कर्बोदकं एकदम निम्म्यावर आणली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी फार कडक लो-कार्ब आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये, त्यात रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. एका संध्याकाळच्या पावभाजीने एवढं घडत नाही. पण ती रोजच्या बदलाची सुरुवात असेल, तर डॉक्टरांशी आधी बोला.

बिघडलीच तर

पातळ झाली असेल तर अर्धी भाजी दुसऱ्या तव्यावर काढा. पसरट थरातून पाणी दुप्पट वेगाने जातं. खारट झाली तर बिनमिठाचं पनीर कुस्करा किंवा थोडा फ्लॉवर कोरडा परतून मिसळा. फार आंबट असेल तर साखर नको, चमचाभर ताजी साय घाला. चव सपाट लागत असेल तर मसाला वाढवण्याआधी आलं-लसूण थोड्या लोण्यात परतून वरून ओता, बऱ्याचदा तेवढंच कमी असतं. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी वेगळी भाजी करत बसू नका. तयार भाजीतली त्यांची वाटणी तव्याच्या एका बाजूला घ्या आणि तिच्यात उकडलेला बटाटा कुस्करा, त्यांना तो टाळायचं काही कारण नाही. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी गरम करताना झाकण ठेवू नका, तव्यावर उघडीच परता, नाहीतर रात्रीत सुटलेलं पाणी आणि फ्लॉवरचा वास दोन्ही तिच्यातच राहतात.