१६०० फेऱ्यांना एक फेरा: दोन टप्प्यांचा वर्म रेड्युसर कसा जुळवावा

टर्बाइनवर चालणाऱ्या साखर कारखान्यात टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते आणि ऊस पिळणारा रोलर जेमतेम चार-पाच. साधारण तशीच घट घरच्या टेबलावर वर्म रेड्युसरने बघता येते. त्यात स्क्रूसारखा वर्म दातेरी व्हीलला फिरवतो. वर्मच्या एका फेऱ्याला व्हील एकच दात सरकतं; म्हणून ४० दातांच्या दोन जोडांनी ४० × ४० = १६०० पट घट होते.

सांगलीजवळच्या कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये गिअर कापायला देताना एवढं लिहून द्या: एक स्टार्टचा (एकच सलग आटा असलेला) वर्म, मॉड्यूल (दाताचं माप) १, पीसीडी (दात जुळतात त्या वर्तुळाचा व्यास) १६ मिमी, गनमेटलचं (एक प्रकारच्या कांस्याचं) व्हील, ४० दात, रुंदी ८ मिमी. असे दोन जोड. दोन्ही शाफ्टच्या मध्यांतलं अंतर २८ मिमी येतं. प्लेटला एका बाजूची भोकं लांबट ठेवा, म्हणजे अंतर जुळवता येतं. पहिला वर्म मोटरला जोडा आणि पहिल्या व्हीलच्याच शाफ्टवर दुसरा वर्म बसवा.

वर्म फिरताना शाफ्टच्या दिशेने जोरात रेटतो. दोन्ही टोकांना थ्रस्ट वॉशर (रेटा झेलणारी चकती) नसेल, तर तो मागेपुढे सरकतो. दातांना मार्किंग ब्लू (ठसा दाखवणारा निळा रंग) लावून फिरवा; ठसा मधोमध आला की बोल्ट आवळा. थोडी ढिलाई राहू द्या, पण शेवटच्या जोडात ती कमीत कमी हवी. तिथल्या ०.१ मिमी ढिलाईसाठी, दिशा उलटवल्यावर मोटरचा सव्वा फेरा वाया जातो. शेवटी दातांना ग्रीस लावा.

मोटर ६० आरपीएमची (मिनिटाला ६० फेऱ्यांची) घेतली, तर १६०० सेकंदांनी, म्हणजे २६ मिनिटं ४० सेकंदांनी, शेवटच्या शाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो.

बहुतेक मॉडेल मोडतात ती इथून पुढे. प्रत्येक टप्प्यावर निम्म्याहून जास्त ताकद घर्षणात जाते, तरीही टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे ३०० पट होतो. मोटर ५ किलो-सेंमी टॉर्कची असेल आणि शेवटचा शाफ्ट अडकला, तर व्हीलच्या दातावर ७५० किलोपर्यंत जोर येऊ शकतो. तो दात पेलतो साधारण १८ किलो. मोटरला मात्र पत्ता नसतो: तिचा आवाज बदलत नाही, फ्यूज उडत नाही, दात तुटतो.

म्हणून शेवटचं व्हील आणि शाफ्ट यांच्यामध्ये फायबर वॉशर, स्प्रिंग आणि नटचा स्लिप क्लच (जोर वाढला की घसरणारी जोडणी) हवाच. मोटर बंद ठेवूनच तो लावा. वर्मचा चढ साडेतीन अंशांचा असल्याने व्हीलकडून गिअर सहसा उलटे फिरत नाहीत. शाफ्टला २० सेंमीची पट्टी आडवी बांधून टोकाला १ किलो वजन टांगा आणि क्लच जेमतेम सरकेल इतपत नट आवळा. दातावर मग १० किलोच येतात.

तिसरा तसाच जोड लावला, तर एका फेऱ्याला १७ तास ४६ मिनिटं लागतील. क्लच तेव्हा शेवटच्या व्हीलवर हलवा, पण वजन १ किलोच ठेवा.