परसातली केळ: मुनव्यापासून घडापर्यंत

केळ कुठेही जगते, म्हणून आपण ती कुठेही लावतो: मोरीच्या पाण्यावर, कुंपणाच्या कोपऱ्यात. मग वर्षभराने चार फण्यांचा हडकुळा घड येतो आणि आपण मातीला दोष देतो. आमच्याकडेही तेच झालं. पाणी होतं, ऊन होतं, पण केळ उपाशी होती. हे झाड भलतं खादाड आहे.

जात आधी ठरवा. वाऱ्याची जागा असेल तर बुटकी बसराई किंवा ग्रँड नैन बरी. वेलची चवीला सरस, पण उंच जाते आणि टेकू मागते.

मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशेजारी फुटणारं पिल्लू; तो निवडताना डोळा फसतो. रुंद पानांचा, देखणा दिसतो तो पाणमुनवा. त्याचा कंद लहान असतो, तो घेऊ नका. पानं तलवारीच्या पात्यासारखी अरुंद, बुंधा जाड आणि वर निमुळता, असा मुनवा हवा. कंदाची मुळं छाटा आणि नीट बघा. काळपट बोगदे दिसले तर आत सोंडकीड आहे, तो कंद टाकून द्या.

जून-जुलैत दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. त्यात दहा किलो कुजलेलं शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड आणि २५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळून भरा. कंद जेमतेम झाकला जाईल इतपतच पुरा आणि भोवतीची माती पायाने दाबा. पाणी साचलं तर कंद कुजतो. दोन केळींत पाच-सहा फूट अंतर ठेवा.

आता खत. एका झाडाला वर्षभरात साधारण २०० ग्रॅम नत्र आणि तेवढंच पालाश लागतं. म्हणजे सुमारे ४३५ ग्रॅम युरिया आणि ३३५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. हे एकदम ओतलं तर मुळं करपतात, उरलेलं पावसाबरोबर वाहून जातं. पहिल्या महिन्यापासून आठ हप्ते करा: दर महिन्याला ५५ ग्रॅम युरिया, ४० ग्रॅम पोटॅश. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, मुठीचा अंदाज चुकतो. खत बुंध्याशी नको. फूटभर लांब गोल फिरवून ओल्या मातीत टाका, वर माती सारा आणि पाणी द्या. कुदळ खोल घालू नका, केळीची मुळं वरच्या थरात पसरतात. जुनी पानं कडेने पिवळी पडून वाळू लागली, तर पालाश कमी पडतंय असं समजा. चुलीची राख चालते, पण युरियाबरोबर नको, नत्र उडून जातं. केळ्याच्या सालींचं पाणी हा मात्र मला हौसेचाच प्रकार वाटतो. साली कंपोस्टमध्ये टाका.

खताइतकंच महत्त्वाचं काम कोयत्याचं. शेजारी फुटणारे मुनवे आईच्याच ताटातलं खातात. मी माया करून सात ठेवले होते, घड कसा आला ते वर सांगितलंच. दर पंधरा-वीस दिवसांनी ते जमिनीलगत कापा. कमळ, म्हणजे केळफूल, बाहेर पडलं की एकच जोमदार मुनवा पुढच्या वर्षासाठी राखा. पानं तोकडी, ताठ, शेंड्याला गुच्छ झालेली दिसली तर तो पर्णगुच्छ रोग. झाड कंदासकट उपटून नष्ट करा, मुनवेही ठेवू नका.

शेवटची फणी सुटली की केळफूल कापून भाजीला न्या, घडाला बांबूचा टेकू द्या. केळ्यांच्या शिरा मावळून ती गोलसर झाली की घड उतरवा. कमळ आल्यापासून साधारण तीन-चार महिने लागतात. त्या खुंटाला पुन्हा घड येत नाही. किडीचा मागमूस नसेल तर त्याचे तुकडे करून राखलेल्या मुनव्याच्या आळ्यात पसरा.