जेंबे आणि नाच एकाच हॉलमध्ये: नागपुरात आफ्रिकी ताल-नृत्याची कार्यशाळा कशी घ्यावी

पश्चिम आफ्रिकेच्या परंपरेत जेंबे (पेल्याच्या आकाराचा, हाताने वाजवायचा ढोल) वाजवणारा नाचणाऱ्याच्या पायांकडे बघून वाजवतो, आणि नाचणारा जेंबेचा इशारा ऐकून पाऊल बदलतो. त्यामुळे सकाळी वादन आणि दुपारी नाच असे दोन वेगळे वर्ग पाडू नका. दोन्ही गट एकाच हॉलमध्ये, समोरासमोर हवेत. बाकीची आखणी यावरूनच ठरते.

काय शिकवायचं

‘आफ्रिकन डान्स’ नावाचं एकच काही नाही. खंडात ५४ देश आहेत. एका दिवसात एकच ताल घ्या आणि तो कुठला, कोणाचा हे सुरुवातीलाच सांगा. नवशिक्यांसाठी गिनीच्या वनप्रदेशातला, मानियान लोकांचा कुकू उत्तम. मासेमारीहून परतलेल्या स्त्रियांचा नाच अशी त्याची ओळख सांगतात, आणि आज तो पश्चिम आफ्रिकेत कुठल्याही आनंदाच्या प्रसंगी वाजतो. चार ठोक्यांची चाल असल्यामुळे पाय लवकर बसतात. ब्राझीलच्या बाहियातला सांबा दि रोदा किंवा क्युबाचा रुंबा शिकवायचा असेल तर वेगळा दिवस ठेवा. वाद्यंही वेगळी आणि कमरेचा लहेजाही. क्युबातले बाता ढोल ओरिशा या देवतांच्या पूजेशी बांधलेले आहेत, ते खुल्या कार्यशाळेत आणू नयेत.

डायस्पोरा (मूळ भूमीबाहेर विखुरलेला समाज) म्हणजे काय हे मराठी माणसाला समजवायला फार लांब जावं लागत नाही. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्यानेच खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, आणि मुरूडचा जंजिरा शतकानुशतकं आफ्रिकी वंशाच्या सिद्दींकडे होता. आजही भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला आणि गीरजवळच्या जांबूरला सिद्दी समाज ‘धमाल’ हे आपलं ताल-नृत्य करतो. त्यात मुगरमान हा पायांवर उभा राहणारा ढोल असतो, मलुंगा हे धनुष्यासारखं तंतुवाद्य असतं आणि माई मिसरा नावाचा नारळाच्या कवटीचा खुळखुळा असतो. कर्नाटकात यल्लापूर, हल्याळकडेही सिद्दी वस्त्या आहेत. शक्य असेल तर त्यांच्यातले कलावंत एका सत्रासाठी बोलवा. मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च आधी पक्का करा. धमालचा काही भाग बाबा गोर या सिद्दींच्या संतांच्या भक्तीचा आहे, म्हणून कुठला भाग दाखवायचा हे त्यांनाच ठरवू द्या. तोंडाला रंग फासणं, पानांचे घागरे घालणं असले प्रकार कार्यक्रमात अजिबात नकोत.

तारीख आणि जागा

नागपुरात नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सर्वांत चांगला. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, तेव्हा मोठा आवाज करणं बरं नव्हे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि जेंबेचं बकऱ्याचं कातडं ताणून फाटतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तेच कातडं ढिलं पडतं आणि स्लॅपचा (बोटांच्या कडक फटक्याचा) नुसता थपथप आवाज येतो. लग्नाचे मुहूर्त पाहून हॉल ठरवा, कारण मुहूर्ताच्या दिवशी समाजभवन मिळत नाही. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असेल तर सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीकडच्या जागा टाळा. मोर्चे आणि बंद रस्त्यांमुळे निम्मे लोक उशिरा पोचतात.

दोन डझन लोकांसाठी साधारण चाळीस बाय तीस फुटांचा हॉल पुरतो. पत्र्याचं छत नको, त्याखाली आवाज घुमतो आणि टोन (मोकळा सूर) आणि स्लॅप यांतला फरकच कळत नाही. फरशी आणि प्लास्टरच्या हॉलमध्ये वादकांच्या मागच्या भिंतीवर जाड पडदे किंवा सतरंज्या टांगा. नाचायच्या जागेवर मात्र सतरंजी अंथरू नका, ती सरकते. कोटा फरशीवर तासभर अनवाणी उड्या मारल्या की नडगी दुखते, म्हणून एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चटया घाला आणि उड्या कमी ठेवा. निवासी भागात दिवसाची आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि दहा जेंबे ती सहज ओलांडतात. शेजाऱ्यांना आधी सांगा, खिडक्या लावून घ्या आणि संध्याकाळी लवकर आवरा.

वाद्यं

चोवीस जणांना दहा-बारा जेंबे पुरतात, कारण अर्धे वाजवतात तेव्हा अर्धे नाचतात. मोठ्यांसाठी पान (वर ताणलेलं कातडं) बारा-तेरा इंच व्यासाचं आणि उंची साधारण दोन फूट असावी. हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या चालत नाहीत, कोपरं अडतात. स्टूल हवेत. जेंबे पायांमध्ये धरून पुढे झुकवायचा, म्हणजे खालचं तोंड उघडं राहतं. तो जमिनीवर सपाट ठेवला तर बास (खोल, जड आवाज) आतच कोंडतो, आणि मग लोक आवाजासाठी हात आपटत बसतात.

पाया मात्र डुनडुन या तीन ढोलांच्या संचाचा. डुनडुनबा सर्वांत मोठा, संगबान मधला, केनकेनी लहान. तिन्ही काठीने वाजतात आणि बरोबर लोखंडी घंटा असते. संच मिळाला नाही तर ढोल-ताशा पथकाचे दोन-तीन वेगवेगळ्या आकाराचे ढोल आडवे ठेवा आणि पानावर फडकं बांधून आवाज थोडा दाबा. घंटेऐवजी जाड लोखंडी पाइपचा तुकडा चालतो. ही पर्यायी सोय आहे हे सगळ्यांना सांगा.

हात

जेंबेचे आवाज तीन. बास म्हणजे पूर्ण तळहात पानाच्या मध्याकडे टाकून लगेच उचलायचा. टोनमध्ये बोटं जुळलेली असतात, तळहाताची वरची गादी काठावर येते आणि बोटं सपाट पडतात. स्लॅपला हात जवळपास तिथेच, पण बोटं सैल असतात आणि टोकं उसळून येतात. नवशिके स्लॅपसाठी जोर लावतात. जोराने स्लॅप येत नाही, बोटं मात्र सुजतात.

तबल्यासारखे बोल शिकवा. न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे नायजेरियाचे दिवंगत ढोलवादक बाबातुंदे ओलातुंजी यांची पद्धत सोपी आहे. उजव्या-डाव्या हाताचा बास गुन-डुन, टोन गो-डो, स्लॅप पा-टा. अनेक चार ठोक्यांच्या तालांत चालणारी ही साथ आठ घरांची आहे (रेघ म्हणजे रिकामं घर):

पा – – डुन पा – गो डो

हात उजवा-डावा असेच चालत राहतात. एक, तीन, पाच, सात उजवा आणि दोन, चार, सहा, आठ डावा. रिकाम्या घरातही हात पानाच्या वर हलत ठेवायचा, तो थांबला की चौथ्या घरातला डुन उशिरा पडतो. केरवा हातात बसलेले लोक इथे रिकामी घरं भरून टाकतात. त्यांना आधी वाजवू न देता फक्त तोंडाने बोल म्हणायला लावा आणि त्याच लयीत चालायला लावा. दहा मिनिटांत फरक दिसतो.

पाय आणि इशारा

गुडघे सैल, पाठ कमरेतून थोडी पुढे, तळवे सपाट. आधी फक्त पाय शिकवा, मग हात, शेवटी खांदे आणि धड. दिवसभरात तीन-चार चाली पुरे. वादक एका भिंतीशी बसतात, नाचणारे चार-चारच्या रांगांनी त्यांच्याकडे येतात.

‘पाच-सहा-सात-आठ’ मोजून चाल बदलायची सवय लावू नका. बदल मुख्य जेंबेच्या इशाऱ्यावर व्हायला हवा. इशारा म्हणजे वादनाचा एक छोटा ठरलेला तुकडा. तो सगळ्यांनी आधी टाळ्यांनी वाजवायचा, मग चालताना ऐकून पाऊल बदलायचं. तुकडा आवर्तनाच्या शेवटी संपला पाहिजे. तो मधेच संपला तर अर्धी रांग लगेच बदलते, अर्धी पुढच्या ठोक्याला, आणि दोष नाचणाऱ्यांच्या माथी येतो.

लय मिनिटाला नव्वदच्या आसपास धरा. ती वाढतेच, कारण जेंबेचे स्लॅप चढतात आणि संगबान ऐकू येईनासा होतो. तेव्हा ओरडून उपयोग नाही. सगळे जेंबे थांबवा, संगबान आणि घंटा तेवढी दोन मिनिटं चालू ठेवा, नाच चालू राहू द्या, मग एकेक जेंबे आत घ्या.

तीन तासांत पंधरा मिनिटं अंग मोकळं करायला (डिसेंबरच्या सकाळी पंचवीस), चाळीस मिनिटं सगळ्यांना हात, चाळीस मिनिटं सगळ्यांना पाय, मध्यंतर, आणि उरलेला सगळा वेळ एकत्र, दर दहा मिनिटांनी गट बदलून. मध्यंतरात संत्री ठेवली तर वाद्याला हात लावण्याआधी सगळ्यांना हात धुवायला लावा. चिकट बोट पानावरून नीट उसळत नाही.

जपणूक

अंगठ्या, बांगड्या, घड्याळं आधी काढून ठेवा. पानही फाटतं आणि बोटही. वादकांच्या जवळ बसणाऱ्यांना फोमचे कानबोळे द्या. फार जोराने, फार वेळ वाजवल्यावर क्वचित लघवीचा रंग गडद लालसर होतो, कारण आघाताने रक्तपेशी फुटतात. तसं झालं तर वादन थांबवून डॉक्टरला दाखवायचं.

पान फाटलं तर तबला-ढोलकी मढवणाऱ्या कारागिराकडून बकऱ्याचं कातडं घ्या. रात्रभर पाण्यात भिजवून चढवा आणि चार-पाच दिवस घरात सावलीत वाळवा. नागपूरच्या उन्हात ते बाहेरून वाळतं आणि आतून ओलं राहतं, मग कड सुटते. दोरी एकदम ताणू नका, रोज थोडी थोडी ओढा. उन्हाळ्यासाठी ठेवून देताना शेवटच्या ओळीतल्या गाठी सोडून ताण उतरवा, पानावर जाड कापड बांधा आणि जेंबे बंद गाडीत किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका.